थंडीत गळणारा पाईप

डिसेंबरचा दुसरा आठवडा असेल. पेपरात रोज निफाडचा पारा किती घसरला त्याची चौकट येत होती आणि आमच्या इंदिरानगरात सकाळी दार उघडलं की तोंडातून वाफ. साडेसहाला गाडी काढायला पोर्चमध्ये गेलो तर पेट्रोलचा वास आला. फार नाही, पंपावर काच खाली घेतल्यावर येतो तेवढाच. बॉनेट उघडून टॉर्च मारला, सगळं कोरडं, म्हणलं शेजारच्या काकांच्या जुन्या स्कूटरचा असेल, ते चावी बंद करतात पण पेट्रोलचा नळ कधी बंद करत नाहीत. गाडी चालू केली, मुंबई नाक्याच्या सिग्नलपर्यंत वास गायब. संध्याकाळी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

आणि हे मी, लाज वाटते सांगायला, तीन आठवडे असंच चालू दिलं.

गाडीबद्दल थोडं सांगतो. माझ्याकडे २००६ ची मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर आहे. मर्सिडीज म्हणलं की लोकांना वाटतं पैसेवाला माणूस दिसतोय, तर तसं अजिबात नाही, मी घेतली तेव्हा ती नव्या हॅचबॅकपेक्षा स्वस्तात पडली होती आणि अशा गाड्या स्वस्तात का पडतात हे नंतर दरवर्षी थोडं थोडं कळत गेलं. बाबा तेव्हाच म्हणाले होते, हत्ती घेणं सोपं असतं रे, चारा कोण घालणार. डिकीवर मोठ्या अक्षरात कॉम्प्रेसर लिहिलंय ते वाचून पंपावरच्या पोराने एकदा विचारलं होतं, साहेब एसीचा कॉम्प्रेसर नवीन टाकलाय का? मी हो म्हणलं, मागे रांग होती, समजावून सांगत कोण बसणार.

खरं तर ते सुपरचार्जरचं जर्मन नाव. इंजिन फक्त १.८ लिटरचं, चार सिलिंडरचं, पण त्याच्या पट्ट्यावर एक हवेचा पंप फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. टर्बोपण हेच करतो, पण तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो म्हणून त्याला जाग यायला थोडा वेळ लागतो, सुपरचार्जर मात्र इंजिनाला बांधलेला, पाय दिला की लगेच हजर. माझ्या गाडीतला रूट्स जातीचा आहे. आत एकमेकांत फिरणारे दोन रोटर, रसवंतीच्या चरकासारखे, फक्त चरकात ऊस दोन लाटांच्या मधून जातो आणि इथे हवा मधून न जाता रोटरच्या पाकळ्यांत अडकून कडेकडेने पलीकडे जाते. मूळ पेटंट १८६० चं, अमेरिकेतल्या इंडियानातल्या रूट्स नावाच्या दोन भावांचं, आणि त्याचा गाडीशी काही संबंध नव्हता, हा ब्लोअर आधी भट्ट्यांना वारा घालत होता. मर्सिडीजने १९२१ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या होत्या, म्हणजे माझ्या डिकीवरच्या त्या शब्दामागे बरीच मोठी खानदान आहे. पाथर्डी फाट्याच्या पुढे हायवेला लागून पाय दाबला की बारीक शिट्टी ऐकू येते. त्या शिट्टीसाठीच घेतलीय गाडी, उगाच खोटं का बोला.

पण हवा जास्त कोंबायची तर पेट्रोलपण त्या हिशोबात जास्त पाहिजे. इंजेक्टरच्या, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीच्या, एका बाजूला पेट्रोलचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला इनटेकमधली हवा. साध्या इंजिनात ती हवा पेट्रोलला ओढून घेते, सुपरचार्जरवाल्यात ऐन जोरात असताना ती उलट ढकलत असते. अशात पेट्रोलचा दाब कमी पडला तर मिश्रण पातळ होतं, नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकतं, आणि पिस्टनची वाट लागते. थेंबथेंब गळतीने दाब एवढा पडत नाही, माझ्या डॅशबोर्डवर कसलाही दिवा लागला नव्हता, आणि दिवा नाही म्हणजे काही नाही असं समजून मी आरामात होतो.

दिवा. त्याच्यावरूनच सगळं फिरलं.

आमच्या पोर्चमध्ये गाडीच्या पुढच्या चाकापासून सात-आठ फुटांवर तुळशीवृंदावन आहे. आई सकाळी अंघोळ करून सहा-सव्वासहाला तिथे दिवा लावते, संध्याकाळी परत. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून हा नेम आहे त्यामुळे तो दिवा मला दिसायचाच बंद झाला होता, जसं घरातलं घड्याळ ऐकू येत नाही तसं. जानेवारीतल्या एका सकाळी चावी फिरवली, वास आला, सवयीने दुर्लक्ष केलं आणि रिव्हर्स टाकायला मागे बघत असताना बाजूच्या आरशात ती ज्योत हलताना दिसली.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि सखल जागी साठते. आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली तरी तिला पेटायला पुरतं. हे मला त्या दिवशी कळलं असं नाही, आधीपासून माहीत होतं. माहीत असून तीन आठवडे रोज मी गळकी गाडी पेटत्या दिव्याच्या बाजूला चालू करत होतो. गाडी बंद केली, चावी काढली, दिवा फुंकला (आईने हे आतून बघितलं, त्याचं वेगळं रामायण झालं) आणि रिक्षाने ऑफिसला गेलो.

संध्याकाळी मामांना फोन लावला. मामा सातपूरला बॉशमध्ये होते, डिझेल इंजेक्टरच्या लाईनवर आयुष्य गेलं, आता रिटायर आहेत आणि कोणी काही विचारलं की खूश होतात. मी सगळं सांगितलं, सकाळी वास, नंतर नाही, बघावं तर कोरडं.

"तू बघतोस कधी?"

"सकाळीच बघतो ना मामा, गाडी काढायच्या आधी."

"अरे मग काय दिसणार! पंप चालू नाही, लाईनीत दाब नाही, गळणार कुठून? थंड गाडी चालू कर अन् त्याच मिनिटाला बघ. गरम झाल्यावर रबर फुगतं, आपोआप बसतं जागेवर."

एवढं साधं. रात्री गाडी उभी केल्यावर लाईनमध्ये जो दाब उरतो तो थंडीत आकसलेल्या जोडातून रात्रभर पाझरत होता आणि उडून जात होता, म्हणून सकाळी वास आहे आणि ओल नाही. मग सकाळी चालू केल्यावर पहिली काही मिनिटं खरी गळती, तेव्हा मी स्टिअरिंगवर. आणि इंजिन तापलं की बंद.

रविवारी सकाळी चौघांनी मिळून गाडी ढकलत गेटबाहेर आणली. काका, त्यांचा मुलगा, मी आणि दूधवाला. बॉनेट उघडं ठेवून मुलाला चावी फिरवायला बसवलं आणि मी टॉर्च घेऊन वाकलो. पहिले काही सेकंद काही नाही, मग सुपरचार्जरच्या जाड हवेच्या नळीच्या मागे, एका क्लिपच्या कडेला एक थेंब फुगला, थरथरला, पडला. मग दुसरा. सेकंदाला एक म्हणा. खालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पडत होते म्हणून फरशीवर कधी डाग दिसला नव्हता. "बंद कर बंद कर बंद कर" असं मी ओरडलो ते समोरच्या बिल्डिंगमधून लोक गॅलरीत आले.

आता हवेची नळी सोडवून नीट बघितलं तर गंमत दिसली. चेसिसकडून येणारी धातूची लाईन आणि इंजेक्टरच्या रेलकडे जाणारी लाईन यांच्यामध्ये कंपनीचा जो प्रेस केलेला होज असतो तो तिथे नव्हताच. कोणीतरी तो कापून मध्ये काळा रबरी पाईप घातला होता आणि दोन्हीकडे साध्या वर्मच्या, म्हणजे स्क्रू फिरवून पट्टी आवळायच्या, क्लिपा आवळल्या होत्या. माझ्या आधीच्या मालकाच्या काळातलं काम असणार. पाईपाला क्लिपच्या कडेने बारीक चिरा, बोटाने वाकवला तर प्लास्टिकसारखा कडक. पुसून भिंग लावून वाचलं तर अंगावर पुसट छापलेलं, एसएई जे ३० आर ७.

एसएई ही गाड्यांच्या भागांचे दर्जे ठरवणारी संस्था, तर तिचं हे आर ७ म्हणजे काय ते सांगतो कारण माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. हा खोटा पाईप नाही, पेट्रोलचाच आहे, पण कार्ब्युरेटरच्या जमान्यातला, त्याला चालवायचा दाब ५० पीएसआयपर्यंत. इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे साधारण पोर्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल सिलिंडरच्या आधी, हवेच्या वाटेत फवारतात ते), लाईनला ३ ते ४ बार दाब असतो. नंतर गेज लावून बघितला तर माझ्या गाडीत ३.८ निघाला. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, गुणाकार करा, ५५ येतात. पाच पीएसआयचा फरक. पाईपात मार्जिन असतं म्हणून तो पहिल्या दिवशी फुटत नाही, पहिल्या वर्षीपण फुटत नाही, आणि ज्याने बसवला त्याने टेस्ट घेऊन, बघा एक थेंब नाही म्हणून पैसे घेतले असणार. फसवलं असं मी म्हणत नाही. त्याने दुकानात पेट्रोलचा पाईप मागितला, दुकानदाराने दिला, दोघांपैकी कोणी वाचला नाही. मी स्वतः ही गाडी घेतल्यापासून शंभर वेळा बॉनेट उघडलं असेल, मीपण वाचला नव्हता.

इंजेक्शनला आर ९ लागतो, १०० पीएसआयचा, आणि त्याच्या आतल्या थराला फ्लोरोइलास्टोमर असतं, लोक ज्याला व्हिटन म्हणतात ते. जुन्या पाईपात नायट्रिल रबर. इंजिनाच्या उष्णतेने नायट्रिल वाळतंच, त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. मी सगळा दोष इथेनॉलला देणार नाही, तो पाईप तसाही मेलाच असता, पण व्हिटनचा थर इथेनॉलला जास्त टिकतो एवढं नक्की. आणि इथेनॉलबद्दल आपण नाशिककरांनी तोंड वाकडं करण्यात अर्थ नाही, २००१ साली देशात पेट्रोलमध्ये ५ टक्के मिसळायचे जे पहिले प्रयोग झाले त्यात आपल्याच जिल्ह्यातलं मनमाड होतं.

पाईप शोधायला द्वारकेच्या बाजूला गेलो. पहिल्या दुकानात भाऊंनी न बघताच रोल ओढला, "हाच जातो सगळ्या गाड्यांना." वाचलं तर आर ७. म्हणलं आर ९ पाहिजे, तर म्हणाले त्याने काय होतंय, डबल क्लिप मारा. दुसऱ्याकडे काहीच छापलेलं नाही असा पाईप. तिसऱ्याने माझ्याकडे नीट बघितलं, आत गेला, आणि जुन्या पेपरात गुंडाळलेला रोल घेऊन आला, आर ९, साध्याच्या चौपट भाव. त्यानेच विचारलं टाकीच्या आत टाकायचाय का, कारण आत बुडवायला आर १० वेगळा येतो, आर ९ ची बाहेरची साल पेट्रोलात बुडून राहायला बनवलेली नसते. असा माणूस भेटला की मला दुकानातून निघवत नाही, अर्धा तास गप्पा मारल्या. व्हर्नियर घेऊनच गेलो होतो, आतला व्यास ८ मिलिमीटर. क्लिपापण त्याच्याकडूनच घेतल्या, इंजेक्शनच्या. साध्या वर्मच्या क्लिपेला पट्टीभर खाचा असतात, त्या खाचांत रबर घुसतं आणि कापलं जातं, मी बघितलेल्या चिरा त्याच. या क्लिपेची पट्टी आतून गुळगुळीत आणि कडा बाहेर वळवलेल्या.

कंपनीचा प्रेस केलेला होजच घालायला हवा होता का, तर हो. शक्य असेल तर तोच घाला. माझ्याकडे तो आधीच कापून गेलेला, आणि नवीन असेंब्लीची मागवून यायची तारीख आणि किंमत ऐकून मी फोनवर दोन मिनिटं गप्प होतो.

दरम्यान घरी आईला सांगून ठेवलेलं, पाईप बदलेपर्यंत दिवा आत स्वयंपाकघराच्या खिडकीत. गाडी एक दिवस बाहेर ठेवली होती पण गल्ली अरुंद, सकाळी दुधाचा टेम्पो अडकला आणि ती परत पोर्चमध्ये आली.

"गाडी तुझी गळते आणि तुळस माझी अंधारात," ती म्हणाली. "चाकं कुणाला आहेत, गाडीला का तुळशीला?"

याला उत्तर नव्हतं.

पुढच्या रविवारी काम काढलं. परत गाडी गेटबाहेर, उघड्यावर. मोबाईल घरात. हेडलॅम्प एलईडीचा, तोपण आधीच चालू करून डोक्याला बांधलेला. आग विझवायचा दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर पायाशी, पिन कुठल्या बाजूने ओढायची ते वाचून ठेवलेलं, काका पाण्याची बादली घेऊन आले तर त्यांना परत पाठवलं, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन गटारापर्यंत जाईल. पंपाचा फ्यूज काढला, गाडी चालू केली, तिने लाईनीतलं उरलंसुरलं पेट्रोल पिऊन घेतलं आणि घरघर करत बंद पडली. मग बॅटरीची मायनस तार. मग हवेची नळी सोडवून बाजूला, तिच्या तोंडात फडकं कोंबलं, कारण त्या तोंडातून एखादा वायसर आत पडून सुपरचार्जरपर्यंत गेला तर ते दोन रोटर त्याचं आणि स्वतःचं काय करतील याचा विचारपण नको.

एवढं करूनही पहिली क्लिप सैल केल्यावर अर्धा कप पेट्रोल आलंच. मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, जानेवारीच्या सकाळी अंगावर उडणारं पेट्रोल म्हणजे बर्फ लावल्यासारखं. हातमोजे घातले होते, नायट्रिलचेच, योगायोग.

जुना पाईप ओढून निघेना, धातूला चिकटून बसलेला. पक्कड लावून पिळला असता तर लाईन वाकली असती म्हणून ब्लेडने उभा चीर दिला, हलक्या हाताने, खालच्या धातूला ओरखडा न जाऊ देता, कारण ओरखडा गेला की तिथूनच पुन्हा पाझर. नवीन तुकडा काटकोनात कापला. करवतीने कापायचा नाही, भुसा लाईनीत जातो आणि इंजेक्टरमध्ये अडकतो. बसवला, क्लिपा आवळल्या, एक क्लिप हातातून सटकून खालच्या ट्रेमध्ये गेली ती काढायला पाऊण तास गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

फ्यूज घातला, बॅटरी जोडली, चावी नुसती ऑनपर्यंत, दोन सेकंद पंपाची घूं, बंद. असं चार वेळा, म्हणजे इंजिन चालू न करता लाईन भरते. टिश्यू पेपर जोडावर फिरवला.

ओला.

मी तिथेच कठड्यावर बसलो. नवीन पाईप, नवीन क्लिपा, आणि ओला. काका म्हणाले टाईट कर अजून. हात गेलाच होता पान्याकडे पण मामांचं वाक्य आठवलं की जास्त आवळलेली क्लिप आज थांबवते अन् उद्या कापते. परत प्रेशर सोडलं, परत फडकं, हेडलॅम्प जवळ नेऊन बघितलं तर चूक माझीच. धातूच्या लाईनीच्या टोकाशी एक फुगीर कडं असतं, पाईप सटकू नये म्हणून. पाईप त्या कड्याच्या बराच पुढे, इंचभर तरी, ढकलायचा आणि क्लिप कड्याच्या मागे सपाट जागी आवळायची. मी क्लिप बरोबर कड्याच्या डोक्यावर आवळली होती, म्हणजे ती एका बारीक रेघेवर बसली आणि बाकी पाईप उघडा. पाईपाचा दाबलेला तुकडा कापून टाकला (सुदैवाने एक मीटर घेतला होता), नवीन तुकडा नीट आत ढकलला, क्लिप मागे, बेताने आवळली.

चावी ऑन, ऑफ, चार वेळा. टिश्यू कोरडा. दहा मिनिटं थांबून परत, कोरडा. मग चालू केली, पंधरा मिनिटं तशीच ठेवली, हाताने थोडी रेस दिली, कोरडा.

पण खरी परीक्षा थंड गाडीची होती. गाडी पोर्चमध्ये घेतली आणि सोमवारी सकाळी सहाला, स्वेटर घालून, बॉनेट उघडं, टिश्यू हातात. त्या दिवशीही मरणाची थंडी होती. मुलगा झोपेत चावी फिरवायला बसला. मी जोडाकडे बघत होतो आणि आई दारात उभी होती, एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात काडेपेटी, पेटवलेलं नाही.

दोन मिनिटं, पाच मिनिटं. टिश्यू फिरवून तिला दाखवला.

"कोरडा आहे."

"तू वास घेऊन बघ आधी."

वास घेतला. काही नव्हतं, फक्त तुळशीचा आणि काकांच्या स्कूटरचा थोडा. तरी मी गाडी बंद केली, ढकलत बाहेर गल्लीत नेली, आणि मग तिला म्हणलं, लाव आता.